बार नंतर बांधा, आधी थंड पेटी बांधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती बारवर पानभर लेख आला. सोबत अमेरिकेतल्या तळघरांचे फोटो होते आणि एक आराखडाही होता. मी राहतो त्या मिलवॉकीतलाही एक फोटो दिसला, म्हणून लेख पुन्हा पुन्हा वाचला. काउंटरचं लाकूड, ग्रॅनाइट, ग्लास टांगायच्या पट्ट्या, दिव्यांचा रंग यांवर लेखिकेने मनापासून लिहिलं आहे. पण बिअरचा केग, म्हणजे धातूचं बंद पिंप, ज्या पेटीत थंड राहायचं, त्या पेटीच्या वाट्याला अडीच ओळी आल्या आहेत. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून घ्या, प्लायच्या खोक्याला आतून एक इंच थर्मोकोल लावा, गॅसचा सिलिंडर शेजारच्या बंद कपाटात ठेवा, एवढंच. या तिन्ही सूचना चुकीच्या आहेत आणि तिसरी तर जिवावर बेतणारी आहे.

तिसरीपासूनच सुरुवात करतो. केगमधली बिअर नळापर्यंत ढकलायला कार्बन डायऑक्साइड लागतो. घरगुती बारमध्ये सहसा पाच पौंडी सिलिंडर असतो, म्हणजे साधारण सव्वादोन किलो गॅस, आत द्रवरूपात भरलेला. तो सगळा गळून बाहेर आला तर बाराशे लिटरहून जास्त जागा व्यापतो. आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली धरा. तिच्यात साडेपंचवीस हजार लिटर हवा मावते. दारं-खिडक्या बंद असताना सिलिंडर गळला, तर त्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जातं. मोकळ्या हवेत ते ०.०४ टक्के असतं आणि ४ टक्क्यांना इथले कामगार-आरोग्याचे नियम ‘जिवाला तात्काळ धोका’ मानतात. या गॅसला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, आणि नळी का गळते हे बघायला माणूस नेमका खालीच वाकतो. कपाटात किंवा पेटीत तर विचारायलाच नको. माझी पेटी आतून जेमतेम चौदाशे लिटरची आहे. केग ठेवल्यावर तिच्यात जी हवा उरते, तिच्यापेक्षा एका सिलिंडरमधला गॅस जास्त भरतो.

म्हणून सिलिंडर मोठ्या, वारा खेळत्या खोलीत, उघड्यावर, उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला असावा. खोलीच्या तापमानाला त्याच्या आत ८०० पीएसआयच्या (चौरस इंचाला इतके पौंड, असं दाबाचं माप) वर दाब असतो, तेव्हा तो उन्हातल्या बंद गाडीत कधीही सोडू नये. जोड घट्ट केल्यावर प्रत्येक ठिकाणी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावं. कार्बन डायऑक्साइडचा अलार्म गुडघ्याच्या उंचीवर लावावा. इथे घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो आणि बरेच लोक त्याच्याच भरवशावर राहतात. त्याला हा गॅस कळत नाही. दोन्ही गॅस वेगळे, दोन्ही अलार्म वेगळे. संपादक महोदय, निदान एवढी एक दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी ठळक छापा. आराखडा बघून कुणी सुताराला कपाटाचं माप देऊन बसलं असेल, त्याच्यापर्यंत ती पोचायला हवी.

हे सांगणारा मी कोण, तेही लिहितो. मूळचा सांगलीचा, धंद्याने रेफ्रिजरेशन मेकॅनिक. दूधसंघाच्या चिलिंग सेंटरवर कामाला लागलो, पुढे शीतगृहांची कामं केली आणि आता मुलीच्या गावी, विस्कॉन्सिन राज्यात, निवृत्तीनंतर थोडंफार काम घेतो. थंड खोली बांधणं हा माझ्यासाठी पोटापाण्याचा विषय होता आणि आवडीचाही आहे. जावयाने तळघरात बार करायचा ठरवला तेव्हा पेटीचं काम मी मागून घेतलं.

या भागात तळघरातला बार ही श्रीमंतांची चैन नाही. हिवाळ्यात जमीन चार फूट खोलवर गोठते, त्यामुळे पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो आणि एवढं खणलंच आहे तर घराखाली तळघर काढतात. जर्मन स्थलांतरितांनी मिलवॉकीत पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर या ब्रूअरी, म्हणजे बिअरचे कारखाने, उभ्या केल्या, आणि कारखान्यातल्या कामगारांनीही आपापल्या तळघरात छोटा काउंटर टाकून शेजाऱ्यांना बसायला जागा केली. बाहेर उणे वीस असताना माणसं एकमेकांना भेटणार कुठे, याचं ते उत्तर आहे. फ्रेडरिक मिलरने १८५५ मध्ये घेतलेल्या ब्रूअरीच्या टेकडीत खोदलेल्या गुहा अजूनही पाहता येतात. तळ्यांचा गोठलेला बर्फ कापून त्यांत भरायचे आणि बिअर उन्हाळाभर थंड ठेवायचे. यंत्राने थंडावा तयार करण्याची कला नीट बसली ती १८७०च्या दशकात, कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीसाठी यंत्र बनवलं तेव्हा. माझ्या धंद्याचा जन्म बिअरच्या गरजेतून झाला, याचा मला अभिमान वाटतो.

पण यंत्राच्याही आधी होतं ते इन्सुलेशन. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरने बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांचा प्रवास, जहाजावर कसलंही यंत्र नाही, तरी शंभर टनांच्या आसपास बर्फ उतरला. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला. कशाच्या जोरावर? वाळवलेल्या सालीच्या जाड थराच्या, आणि इतर वेळी लाकडाच्या भुशाच्या. आपल्याकडे बर्फाच्या कारखान्यातून लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून देतात ना, तेच शास्त्र. थंडावा तयार करण्यापेक्षा तो राखणं स्वस्त पडतं, हे त्या काळच्या खलाशालाही माहीत होतं. आजच्या बारमालकाला ते सांगावं लागतं, कारण भिंतीतला फोम पाहुण्यांना दिसत नाही.

आता एक इंच थर्मोकोलचा हिशेब बघू. आमची पेटी आतून सहा फूट लांब, अडीच फूट खोल आणि सव्वातीन फूट उंच आहे. सगळ्या बाजू धरून साधारण आठ चौरस मीटर. आत ३ अंश सेल्सिअस, तळघरात २० अंश. इन्सुलेशन एक इंच थर्मोकोलचं असतं तर बाहेरून आत सतत १९० वॉटच्या आसपास उष्णता शिरत राहिली असती. आम्ही चार इंच एक्सपीएस फोम (थर्मोकोलच्याच जातीचा, पण जास्त दाट आणि कडक) घातला, तेव्हा हाच आकडा ४० वॉटच्या खाली आला. हीच पेटी सांगलीत मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत ठेवली, तर चार इंची फोममधून ऐंशीएक वॉट येतील आणि एक इंची थर्मोकोलमधून ३९०. घरगुती फ्रिजच्या कॉम्प्रेसरची उष्णता ओढण्याची ताकद शे-दोनशे वॉटची. म्हणजे लेखातली पेटी तिकडे रात्रंदिवस चालू राहील, वीज खाईल आणि तरीही बिअर थंड होणार नाही. त्यात नवा केग ठेवला की आणखी भर. ५८ लिटरचा मोठा केग २० अंशांवरून ३ वर आणायला सव्वा युनिटच्या आसपास उष्णता बाहेर काढावी लागते आणि ती आतल्या गाभ्यातून सावकाश निघते. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तरी केग पेटीत हवाच.

जाडीइतकंच महत्त्व बाष्पाला आहे आणि इथे हात बसलेले सुतारसुद्धा फसतात. हवेतली वाफ नेहमी उबदार बाजूकडून गार बाजूकडे जाते. विस्कॉन्सिनमध्ये घराच्या भिंतीत प्लास्टिकचा पडदा आतल्या अंगाला लावतात, कारण हिवाळ्यात आतली बाजू गरम असते. त्याच सवयीने ते थंड पेटीलाही आतून पडदा लावतात. पेटीचं मात्र उलटं आहे. तिची उबदार बाजू बाहेरची, तेव्हा पडदा बाहेरून हवा. आतून लावला तर वाफ इन्सुलेशनमध्ये शिरते, पडद्यापाशी तिचं पाणी होतं आणि ते तिथेच मुरतं. ग्लासवूल असेल तर ते भिजून त्याचा चोथा होतो, प्लाय फुगतो, बुरशी धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे किती भराभर होईल, ते तिथल्या वाचकांना मी सांगायला नको. ग्लासवूल अशा पेटीत वापरूच नये. फोमच्या पाट्या दोन थरांत लावाव्यात, वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नये आणि प्रत्येक फट स्प्रे फोमने भरावी. आरपार जाणारा लांब स्क्रू टाळावा. त्याच्या डोक्यावर दव धरतं. दाराला चांगलं रबरी गास्केट हवं. कागदाची पट्टी दारात धरून ओढावी. ती सहज निघाली तर गास्केट बसलेलं नाही.

राहिला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. तो काढायचा तर गॅसच्या नळ्या कापाव्या लागतात. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो. स्वयंपाकघरात बसून ती नळी कापणं आणि वर वेल्डिंगची ठिणगी पाडणं हा प्रकार मी कुणालाही करू देणार नाही. शिवाय जुन्या फ्रिजमधले इतर गॅस हाताळायला अमेरिकेत पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, कलम ६०८ खालचं प्रमाणपत्र लागतं. माझ्याकडे ते आहे म्हणून आमच्या पेटीला मी छोटं कंडेन्सिंग युनिट, म्हणजे कॉम्प्रेसर आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी यांचा तयार संच, बसवलं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी चेस्ट फ्रीझर घ्यावा. त्याचं झाकण काढून, टाकी आणि झाकण यांच्या मध्ये आठ-दहा इंच उंचीची लाकडी चौकट बसवायची, आतून फोम लावायचा आणि नळांची भोकं त्या चौकटीत पाडायची. फ्रीझरच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही, कारण पत्र्यामागे गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. वीज बाहेरच्या थर्मोस्टॅटमधून द्यायची, त्याचा सेन्सर केगच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावायचा आणि तापमान ३ अंशांवर ठेवायचं. नाहीतर फ्रीझर आपल्या स्वभावाने उणे १८ कडे जाईल, आणि बिअर उणे २ च्या सुमारालाच गोठू लागते. आत एक छोटा पंखा सतत फिरता ठेवावा, म्हणजे तळाला आणि वर सारखंच तापमान राहतं.

चेस्ट फ्रीझरची एकच गोष्ट मला आवडत नाही. भरलेला मोठा केग ७३ किलोच्या आसपास असतो आणि तो काठावरून आत उतरवायचा असतो. कंबर धरलेली माणसं मी पाहिली आहेत. एक तर साडेएकोणीस लिटरचे लहान केग वापरा, भरल्यावर ते २६-२७ किलोचे होतात. नाहीतर आमच्यासारखी जमिनीलगत समोरून दार असलेली पेटी बांधा आणि केग सरकवत आत न्या. तळाला फोमवर पाऊण इंची प्लाय टाकला की वजन पसरतं. एक्सपीएस तेवढा भार सहज पेलतो.

लोकांची सगळ्यात मोठी तक्रार असते फेसाची. नळ उघडला की अर्धा ग्लास फेस, मग दोष केगला, दोष दुकानदाराला. कारण बहुतेक वेळा तापमान असतं. ३ अंशांना ११-१२ पीएसआय दाबात गॅस बिअरमध्ये नीट विरघळलेला राहतो. तीच बिअर १० अंशांवर गेली तर तेवढाच गॅस धरून ठेवायला १८च्या आसपास दाब लागेल. दाब तेवढा नसेल तर उन्हात ठेवलेली सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच नळाशी होतं. काउंटरवरचा चकचकीत पितळी टॉवर, म्हणजे नळ बसवायचा उभा खांब, दिसतो छान, पण पेटीतली गार हवा त्याच्यात चढत नाही आणि त्यातली बिअर तापते. टॉवर हवाच असेल तर पंख्याने गार हवा वरपर्यंत चढवा. आम्ही टॉवर घेतलाच नाही. पेटीच्या भिंतीतून आरपार शँक, म्हणजे नळ जोडायची धातूची आखूड नळी, काढून नळ थेट बसवले, त्यामुळे नळाच्या मानेपर्यंत बिअर थंड राहते. आतली नळी तीन-षोडशांश इंच व्यासाची, आठ ते दहा फूट लांब, केगवर वेटोळं करून ठेवलेली. नळी आखूड केली की बिअर जोरात येते आणि फेसाळते. नळ पुढून बंद होणारे घेतले. मिलवॉकीचीच पर्लिक कंपनी तसे बनवते. त्यांच्यात बिअर वाळून चिकटत नाही. तरीही दर पंधरवड्याला नळ्या धुवायलाच हव्यात. हे करायची तयारी नसेल त्याने बाटल्याच आणाव्यात.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. अमेरिकेत घरी बिअर बनवायला १९७८च्या कायद्याने केंद्र सरकारची मुभा मिळाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी मात्र २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. त्यामुळे इथे केग, नळ, जोड, सगळं सुटं मिळतं. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी अधिनियम आहे. प्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, बाळगण्यावर मर्यादा आहे, वयाची अट बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, आणि परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रूअरी आहेत, तिथे जाऊन ताजी बिअर पिता येते, पण तिथला परवाना त्या जागेचा असतो, तुमच्या दिवाणखान्याचा नाही. केग घरी आणण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन विचारावं. लेखात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पण थंड पेटीला बिअरच लागते असं थोडंच आहे? घरोघरी जे लहान, वर दोन जोडांचे (एक गॅस आत जायला, एक पेय बाहेर यायला) केग वापरतात, ते मुळात शीतपेयांच्या सिरपसाठीच बनले होते. आमच्या चार नळांपैकी दोन बिअरचे, एक साध्या सोड्याचा आणि एक कोकमाचा. रत्नागिरीहून येणारा आगळ, साखर, जिरं, गाळून केगमध्ये, वरून गॅस. सोड्याला दाब जास्त लागतो, २५ ते ३० पीएसआय, म्हणून त्याची नळीही वीसेक फूट ठेवावी लागते आणि गॅसला वेगळा रेग्युलेटर लागतो. गणपतीत इथल्या मराठी मंडळींची मुलं त्या नळाशी रांग लावतात. बिअरच्या दोन्ही नळांना कुलूप असतं आणि किल्ली जावयाच्या खिशात. घरात मुलं असतील तर हे कुलूप पहिल्या दिवसापासून हवं, नंतर बघू असं म्हणू नये.

महाराष्ट्रात कुणाला करून बघायचं असेल तर मी कोकम-सोड्याचीच पेटी सुचवेन. दोन लहान केग मावतील एवढा चेस्ट फ्रीझर, लाकडी चौकट, थर्मोस्टॅट, दोन नळ. मात्र गॅस तोच आहे, तेव्हा सिलिंडर आणि अलार्मचे नियम सोड्यालाही तेच. चौकटीची मापं, फोमच्या थरांचं रेखाचित्र आणि नळ्यांच्या लांबीचा तक्ता मी मराठीतच काढून ठेवला आहे. आपण सांगाल त्या दिवशी आपल्या कार्यालयाकडे पाठवतो, कुणी मागितला तर त्याला विनामूल्य द्यावा. सुताराला आणि मेकॅनिकला एकत्र बसवून तो दाखवा. सुताराला बाष्पाची बाजू ठाऊक नसते आणि मेकॅनिकला लाकडाचा सांधा.

आपला,
एक रेफ्रिजरेशन मेकॅनिक
मूळ सांगली, सध्या मिलवॉकी, विस्कॉन्सिन